आरपार बोल्ट

वाटणीच्या वेळी दिनकरराव आणि त्यांचा धाकटा भाऊ दत्तराव, दोघांपैकी एकही इंचभर मागं सरला नाही. मधली भिंत कुणाच्या जागेत घ्यायची यावर आठवडाभर खल झाला आणि शेवटी झरीच्या त्या घरात मधोमध कशीबशी चार इंची भिंत उभी राहिली. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत अबोला. दिनकररावांना याचा कोण अभिमान! हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, शब्दाचा पक्का.

आता त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, सासूबाईंचे चार पितळी हंडे मांडायला लोखंडी फळी हवी होती. बाकीच्या तीन भिंती दार, खिडकी आणि कपाटानं अडवलेल्या. भागवत मिस्त्रीनं मधल्या भिंतीवर टिचकी मारली आणि मान हलवली.

"साहेब, हिच्यात स्क्रू टिकायचे न्हाईत. लय वजन हाय. आरपार बोल्ट घालावं लागतील, दोन्हीकडून नट."

"दोन्हीकडून म्हणजे?"

"पल्याड दत्तरावांकडूनबी."

दिनकररावांचा चेहरा आंबट झाला. शेवटी भागवतच विचारायला गेला. दत्तराव हूं की चूं न करता कबूल झाले, हे तर दिनकररावांना जास्तच झोंबलं. नाही म्हणाला असता तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं.

फळी बसली. भागवत म्हणाला, "चार दिवसांनी नट पुन्हा आवळावं लागतील. तवर भांडी ठिवू नका."

पुन्हा आवळायचं म्हणजे पुन्हा दत्तरावांच्या दारात निरोप. "काही गरज न्हाई," असं सांगून दिनकररावांनी भागवतला वाटेला लावलं आणि चारही हंडे आपल्या हातानं वर चढवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळी एका अंगानं कलली. खाली सुमनबाई चहा गाळत होत्या. त्यांनी भांडं टाकून दोन्ही हातांनी फळीला टेकू दिला. दिनकररावांनी घाईघाईनं नटाला पाना लावला. नट आवळला जाईना, अख्खा बोल्टच गरगर फिरायला लागला. पल्याडून कुणी धरल्याशिवाय तो कसला आवळतोय? भागवत बोरीला कामावर गेलेला. हंडे उतरवायला हात लावला की फळी आणखीच कलायची, आणि दिनकररावांना आपल्या जिद्दीची पहिल्यांदाच लाज वाटली.

"दत्ता," ते भिंतीला म्हणाले, "जरा धर रे."

"पाना घेऊन कवाचा उभा हाय, दादा," भिंतीपलीकडून आवाज आला. "आवळ आता."