ग्रंथालयातले गजर

माझ्या दुकानातून गजराची घड्याळं गायब झाली तेव्हा पहिला संशय उंदरांवर गेला. पण उंदीर काही नेमकी चालू घड्याळं निवडून नेत नाहीत, आणि नेल्यावर फळीवरची धूळही पुसून ठेवत नाहीत. मग भाचीच्या शाळेतून फोन आला आणि उंदराचा पत्ता लागला.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक. शाळा सुटली की माझ्या दुकानात बसून अभ्यास करते, म्हणजे वही उघडी ठेवते आणि माझे पेचकस हाताळते. ताई दवाखान्यात नर्स. तिच्या पाळ्यांना ना दिवस ना रात्र, त्यामुळे शाळेचा फोन माझ्याकडे वळतो. तिला कळवलं तर म्हणाली, "तूच जा. तुझ्याच वळणावर गेलीय ती. आणि बाळ्या, तिथं हसलास तर घरात पाऊल ठेवू नकोस."

आता हसण्यासारखं काय होतं ते ऐका. ग्रंथालयाचा तास म्हणजे सगळं चिडीचूप. त्या शांततेत हिनं पुस्तकांच्या मागं गजर लावून ठेवले होते. खिडकीजवळचा थांबला की दाराजवळचा सुरू, तो दमला की कपाटावरून तिसरा. अशा वेळा जुळवायला या धंद्यात मुरलेल्या माणसालाही घाम फुटतो. मी फोनवर "अरेरे, फारच वाईट" म्हणत होतो आणि आत छाती फुगून शर्टाचं बटण तुटायला आलं होतं.

फोन ठेवल्यावर मात्र हवा गेली. या शाळेत कोणी छडी उगारत नाही, कोणाला उन्हात उभं करत नाही. तिथं पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला बाई बाजूला घेऊन बोलतात. ती भिंगरीनं कधीच गाठली होती, प्रयोगशाळेतला सांगाडा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत चष्मा लावून बसवला होता म्हणून. दुसऱ्या पायरीला घरी कळवतात आणि मधल्या सुट्टीत कामाला बसवतात. तीही झाली होती. शिक्षकांच्या स्वच्छतागृहावर हिनं 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली आणि बिचारे शिक्षक दिवसभर मैदान ओलांडून पलीकडच्या इमारतीत पळत होते. आता तिसरी पायरी, तिला शाळेत नुसतं 'गोल' म्हणतात. ज्यानं दुखावलं तो, जो दुखावला तो, आणि दोघांची माणसं गोल करून बसतात. झालेलं नुकसान भरून कसं काढायचं ते ठरवतात. दुखावलेल्या माणसाचं समाधान झालं तर मामला मिटतो. नाही झालं, तर चौथी पायरी. सत्र संपेपर्यंत घरी.

सत्र गेलं म्हणजे परीक्षा गेली, परीक्षा गेली म्हणजे वर्ष गेलं. ताई जादा पाळ्या करते ती या पोरीच्या शिक्षणासाठी. तेव्हा सगळं आता ग्रंथपाल बाईंच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

वर्गातली बाकं भिंतीला सरकवून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चेहऱ्यानं कडक पण आवाज मऊ. त्यांच्या शेजारी ग्रंथपाल बाई. पांढरे केस घट्ट बांधलेले, करड्या रंगाचा स्वेटर, हात मांडीवर. वर्गाच्या वतीनं एक मुलगा आला होता. त्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'तसं बघायला गेलं तर' अशी करतो. भिंगरी माझ्या बाजूला, पाय खुर्चीखाली गुंडाळून.

मोठ्या बाईंनी नियम सांगितला. फळ्याचं डस्टर ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. माझ्यासारख्या माणसाला हा नियम म्हणजे मांजराला दुधाची राखण. डस्टर भिंगरीकडे जातंय न जातंय तोच मी म्हणालो की घड्याळं माझी आहेत, त्यामुळे थोडा दोष घड्याळांचाही धरावा. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की मामांची पहिली पायरी झाली. वकील गालात हसला. मी तोंडाला कुलूप घातलं.

भिंगरीनं झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वकिलानंही सांगितलं. तसं बघायला गेलं तर वर्ग हसून लोळत होता, काही मुलं खरंच बाकाखाली गेली होती. मोठ्या बाई शांततेच्या महत्त्वावर बोलल्या, वाचणाऱ्याचं लक्ष कसं मोडतं त्यावर बोलल्या. भिंगरी मान हलवत होती. मला वाटलं, चला, सोपं आहे. माफी मागेल, पुस्तकांची कपाटं पुसेल, आठवडाभरात सुटेल.

मग डस्टर ग्रंथपाल बाईंकडे गेलं. त्यांनी ते हातात फिरवलं. खडूची भुकटी त्यांच्या स्वेटरवर सांडली.

"मला एकही गजर ऐकू आला नाही," त्या म्हणाल्या.

वकिलानं मोठ्या बाईंकडे बघितलं, मोठ्या बाईंनी माझ्याकडे.

बाईंनी मग एकेक करून सांगितलं. त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. माणसांचं बोलणं येतं, खुर्ची सरकली तर येतं, पण पाखरांचा, किल्ल्यांचा, असल्या किणकिणीचा आवाज हळूहळू गेला. शाळेत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ग्रंथालयात तसंही कोण ओरडतंय, निभून जात होतं. त्या दिवशी त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. मान वर केली तर सगळा वर्ग त्यांच्याकडे बघून हसत होता. त्यांनी मागं बघितलं, मागं काही नव्हतं. मुलं आणखी हसली. त्यांना वाटलं, पाठीला काहीतरी चिकटवलंय. त्या उठून बाहेर गेल्या, स्वेटर काढला, उजेडात धरून उलटा सुलटा करून बघितला. काही सापडलं असतं तर बरं वाटलं असतं, त्या म्हणाल्या. काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि मोठ्या बाईंकडे कार्यालयातलं काम मागितलं. गजर होते हे त्यांना नंतर दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं.

मी घड्याळजी आहे. तिनं नेली ती प्रवासात वापरायची छोटी घड्याळं. त्यांची घंटी केवढी, तर शर्टाच्या बटणाएवढी. आवाज सुईसारखा. नेमका जो आवाज या बाईंच्या कानाला शिवत नाही, तोच माझी भाची निवडून घेऊन गेली होती. माझी छाती कधीची खाली गेली होती.

भिंगरीनं डस्टरसाठी हात पुढं केला. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, बाई भारी आहेत, अजिबात ढिम्म. म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त घड्याळं आणली."

मग ती रडली. खोडकर पोरं रडताना फार आवाज करत नाहीत, सवय नसते. मोठ्या बाईंनी तिला वेळ दिला आणि मग, नियमाप्रमाणं, नुकसान कसं भरून काढणार ते विचारलं. भिंगरी म्हणाली, सगळ्यांसमोर माफी मागते. ग्रंथपाल बाईंनी नको म्हटलं. मग म्हणाली, कपाटं पुसते. बाईंना ते जरा लागलं. कपाटं स्वच्छच असतात, त्या रोज स्वतः पुसतात. वकिलानं सुचवलं की तसं बघायला गेलं तर सगळ्या वर्गानं मिळून फुलं द्यावीत. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं डस्टर लगेच पुढं सरकवलं.

आता नाही म्हणतील, पोरगी घरी बसेल आणि ताईला मी काय तोंड दाखवू. मोठ्या बाईंनी शेवटी सरळ विचारलं की मग तुम्हाला काय हवंय.

बाईंनी डस्टर मागून घेतलं.

"सगळ्यांनी काहीतरी ऐकलं आणि मी एकटीच बाहेर राहिले. मला त्यात यायचंय. पुन्हा करा. मला ऐकू येईल असं करा."

मोठ्या बाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या म्हणाल्या की खोडी दुसऱ्यांदा करून घेणं शाळेच्या कुठल्याच पायरीत बसत नाही. बाईंनी शांतपणे आठवण करून दिली की दुखावलेल्याला काय हवं ते विचारायचं, हा नियम खुद्द मोठ्या बाईंनीच केलाय. विचारलंत, मी सांगितलं. आणि जोवर हे होत नाही तोवर माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. यावर मोठ्या बाईंनी डस्टर मांडीवर ठेवलं आणि खडूचे हात झटकले. म्हणजे हरल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रंथपाल बाई माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं, तोंड भिंतीकडे. भिंगरी एकेक घड्याळ वाजवायची आणि बाई ऐकू आलं तर हात वर करायच्या. छोटी घड्याळं, हात खाली. पितळी घंटीवालं, हात खालीच. एक गिऱ्हाईक काचेतून आत डोकावलं, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईंना बघितलं आणि आत न येताच गेलं. मी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा टोला वाजवला, तेव्हा हात झटकन वर आला. पण भिंतीवरचं घड्याळ पुस्तकांच्या मागं लपवणार कसं? ते लपवायचं म्हणजे हत्तीला उशीखाली झोपवणं.

उपाय भिंगरीला सुचला. मी सुचवला असता, पण गप्प बसण्याचा सराव चालू होता. तिनं छोट्या घड्याळांच्या घंट्या काढायला सांगितल्या आणि घंटीवर आपटणारी इवली हातोडी लाकडी खोक्यावर आपटेल अशी बसवायला लावली. मी एक बसवलं. चावी दिली. खोक्यातून ठकठकठक असा जाडसर आवाज निघाला, आत कोणी बारका सुतार कोंडल्यासारखा. बाईंचा हात वर गेला आणि खाली येईचना. त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "घड्याळजी, आणखी करा असली."

मग तो दिवस आला. ग्रंथालयाचं कुलूप निघालं. बाईंची अट होती की सुरुवातीला भिंगरीनं वर्गाला सांगायचं. तिनं सांगितलं. त्या दिवशी बाईंना काहीच ऐकू गेलं नव्हतं, त्यांना वाटलं आपण त्यांनाच हसतोय, आणि आपण हसत राहिलो. वर्गातल्या माना एकेक करून खाली गेल्या. वकिलालाही 'तसं बघायला' जावंसं वाटलं नाही. मग बाई स्वतः उठल्या आणि म्हणाल्या की बारीक आवाज मला येत नाही, तेव्हा यापुढं माझ्याशी बोलायचं तर तोंडासमोर येऊन बोला, पाठीमागून कुजबुज करणाऱ्याला पुस्तक मिळणार नाही. एवढं सांगून त्या जागेवर बसल्या आणि शिक्के मारू लागल्या.

मोठ्या बाई दाराशी हाताची घडी घालून. मी त्यांच्या मागं.

खिडकीजवळून ठकठक सुरू झालं. वर्ग श्वास धरून बाईंकडे बघत होता. बाईंनी शिक्का खाली ठेवला. मान वाकडी केली. उठल्या, चालत गेल्या, दोन जाड पुस्तकं बाजूला केली आणि खोकं बाहेर काढलं. तोवर दाराजवळचं सुरू. त्या तिकडं वळल्या, तर कपाटावरचं बोंबलायला लागलं. मग बाईंचं भान सुटलं. शिडी ओढून वर चढल्या, पोरं "इकडं, इकडं" ओरडू लागली, आणि काही लबाड उलटीच दिशा दाखवू लागली. बाई त्यांना बोटानं दम देत होत्या आणि स्वतः शिडीवर उभं राहून इतक्या हसत होत्या की भिंगरीनं खाली शिडी घट्ट धरून ठेवली. शेवटचं खोकं मोठ्या बाईंच्या पायाशी, दाराच्या मागं वाजलं. त्या दचकून मागं सरकल्या त्या थेट माझ्या पायावर. टाच चांगलीच टोकदार होती. मी दुसऱ्या पायावर उभा राहिलो.

बाई खाली उतरल्या, केस सारखे केले, दाराशी आल्या आणि श्वास लागला होता तरी स्पष्ट म्हणाल्या, "झालं माझं समाधान. हिला वर्गात बसू द्या."

मोठ्या बाईंनी मान हलवली. चौथी पायरी होती तिथंच राहिली, भिंगरी खालीच. मी बाहेर येऊन ताईला फोन लावला. ती पाळीवर होती. ऐकून आधी नाक ओढल्याचा आवाज, मग म्हणाली की तुम्हा दोघांना आज घरी बघतेच, आणि येताना दूध आणा.

शाळा सुटल्यावर भिंगरी आणि मी खोकी पिशवीत भरून निघालो. रस्त्यावर गर्दी होती. कोपऱ्यावर सिग्नलच्या दिव्यासाठी थांबलो, तर पिशवीतलं एक खोकं ठकठक करायला लागलं. पुढचा माणूस मागं वळला. एका बाईंनी पर्स उघडून आत बघितलं. एक साहेब हातातली बॅग कानाला लावून उभे राहिले. मी भाचीकडे बघितलं, भाचीनं माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी सरळ समोर बघितलं, लाल दिव्याकडे, अगदी सज्जन माणसांसारखं.