फुली मारलेला कागद

मी एक फुली मारलेला कागद. चार घड्या होऊन टेबलाच्या आखूड पायाखाली बसलोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

माझ्या एका बाजूला लिफ्ट बंद असल्याची सूचना छापलेली. दुसरी कोरी पाहून संशोधन करणाऱ्या एका मुलीने मला उचललं आणि पेन्सिलीने गणित मांडलं. विश्व नुकतंच जन्मलेलं, तापलेलं होतं, तेव्हाचं गणित. न दिसणाऱ्या पदार्थाचे कण तेव्हा एकमेकांना भेटत आणि दोघंही नाहीसे होत. मग विश्व फुगत गेलं, भेटी विरळ झाल्या. शेवटी किती कण उरले? एवढंच तिला हवं होतं. तीन आठवडे तिने मला उशाशी ठेवलं. उत्तर आलं ते भलतंच कमी. तिने रागाने फुली मारून मला भिरकावलं.

सफाईच्या मावशींचा नियम असा, की लिहिलेल्या कागदाला हात लावायचा नाही. फुली असेल तरच उचलायचा. टेबल डुगडुगत होतं, त्यांनी मला त्याखाली सारलं.

दोन महिन्यांनी मुलीच्या ध्यानात आलं, चूक फक्त शेवटच्या चार ओळींत होती. तेवढ्या ओळी आठवणीने सुधारून तिने आकडा लेखात दिला, पण छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकाने लेख अडवला. इतके कण उरतात म्हणता, तर मांडून दाखवा, आज संध्याकाळपर्यंत.

सकाळपासून तिने खोली पालथी घातली. मी तिच्या चपलेजवळच तडफडत होतो.

"मावशी, माझा एक कागद टाकलात का हो?"

"मी? सरांची सामानाची जुनी यादीसुद्धा जपून ठेवलीय, ताई!"

"त्याच्यावर फुली होती."

"मग तो कागद कसला? कचराच की!"

मुलीने कोरा कागद ओढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पेन्सिलीचा दाब टेबलाच्या पायातून माझ्यापर्यंत येत होता. दुपार कलली. फरशी पुसता पुसता मावशी थबकल्या.

"अगं बाई, याच्याखाली एक फुलीवाला दिलाय की मी! काढू?"

झालं, सापडलो एकदाचा!

ती वाकली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको, राहू द्या. याचं बघून लिहिलं तर याच्या चुकाही उचलीन. आधी माझं उत्तर येऊ दे, मग दोन्ही ताडून बघू."

इतके दिवस मला सापडायची घाई होती. आता नुसती धडधड चाललीय. वरच्या ओळी बरोबर आहेत म्हणते ती. पण माझ्यावर लिहिताना तिसऱ्या ओळीवर तिचा हात अडखळला होता, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

पोरी, वेळ थोडा आहे. तरी सावकाश लिही.