गारा अडवणारी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, आणि मित्रांनो, मला ढगांची भीती वाटते. हसू नका. माझ्या काठावर लॅटिनमध्ये कोरले आहे, ‘मी विजा मोडते’. आमच्या व्हेरीनी गावात लॅटिन वाचणारे तीन आणि त्यावर विश्वास ठेवणारे सगळे.

माझा जन्म चर्चच्या अंगणातल्या खड्ड्यात झाला. धातू कमी पडला म्हणून गावच्या बायकांनी पितळेची भांडी दिली. दिली ती गळकी, सांगितली ती नवी. मग पाद्रीबाबांनी तान्ह्या मुलीसारखा माझा बाप्तिस्मा केला आणि मला मनोऱ्यात टांगले. लग्न, मयत, प्रार्थना ही माझी कामे. पण मोठे काम वेगळेच. टेकडीवर काळा ढग चढला की द्राक्षमळ्यांवर गारा पडू नयेत म्हणून मला वाजवत राहायचे. गारा टळल्या तर माझा पराक्रम, पडल्या तर वाजवणाऱ्याने दोर उशिरा धरला. या हिशेबात गाव कधीच चुकत नसे.

माझ्याइतके उंच पंचक्रोशीत काही नव्हते. वर मी धातूची, खाली भिजलेला दोर आणि त्या दोराला माणूस. एका जूनमध्ये वीज माझ्यातून उतरली आणि मला वाजवणारा गास्पार दोर धरूनच मेला. माणसे मातीला आली, चांगले बोलली आणि परत जाताना म्हणाली, उशीरच केला त्याने. त्याची बायको तोआनेतही तेच म्हणाली. दोर मुलाकडे, आन्सेल्मकडे आला. तो तळहातावर थुंकून दोर धरी तेव्हा मी आतून गार पडे.

गावात वालबेर नावाचे औषधवाले होते. गवताच्या भाऱ्यात दडवलेली पुस्तके त्यांच्याकडे पॅरिसहून येत. तपासल्याशिवाय मानू नका, कायदा लोकांच्या विचाराने व्हावा, राजालाही कारण विचारता येते, असले काही त्यांत असे. गावाने त्यांचे खोकल्याचे औषध घेतले, पुस्तके घेतली नाहीत. त्यांनी गावोगावच्या पाद्र्यांना पत्रे लिहून वीज पडलेले मनोरे मोजले. घंटा वाजत असल्याने एकही वाचला नव्हता. फरक एवढाच की वाजत होती तिथे माणूसही मेला होता. वादळात मला वाजवू नये, असा ठराव त्यांनी मागितला.

रविवारी प्रार्थनेनंतर माझ्याच मनोऱ्याखाली गावसभा भरली. घरटी एक मत, ते घरच्या पुरुषाचे. विधवा असेल तरच बाईचे. गावप्रमुख गोदारने वालबेरना विचारले, मग गारा कोण अडवणार, तुमच्या बाटल्या? लोक पोट धरून हसले. तेवढ्यात टेकडीमागे गडगडले आणि हसणे थांबले. दरीपलीकडच्या गावाची घंटा वाजू लागली. तिचा आवाज मी ओळखते.

लोक आन्सेल्मकडे बघू लागले. तो उठला. त्याची बायको पेरीन आडवी आली.

“बसा वहिनी,” गोदार म्हणाला. “नवरा जिवंत आहे तोवर तुमचं मत त्याच्याकडं.”

“म्हणजे तो मेला की मी बोलायचं?”

“नियम तोच आहे.”

कुणी हसले नाही. आन्सेल्मने दोर धरला. टोले देणारी माझी जीभ मला तेव्हा नको होती, मित्रांनो.

मग तोआनेत उठली. इतकी वर्षे ती गोदार म्हणेल तिकडे मत देत आली होती.

“मला मत कसं मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्यानं उशीर केला असं तुम्ही म्हणालात, मीही म्हणाले. खोटं होतं ते. ढग टेकडीवर यायच्या आधीपासून तो ओढत होता. मी दारात उभी राहून टोले मोजत होते. तुमच्यात राहायचं होतं म्हणून गप्प बसले. आन्सेल्म, सोड तो.”

“आणि मळे गेले तर?” गोदारने विचारले.

“तर माझ्या दारात येऊन शिव्या दे.”

आन्सेल्मने आईकडे पाहिले, मग लोकांकडे. दोर हातातच होता. त्याच क्षणी दरीपलीकडे पांढरा लोळ उतरला आणि तिकडची घंटा एका टोल्याच्या मध्येच थांबली. सगळे कान देऊन उभे राहिले. दुसरा टोला आला नाही.

त्याने दोर सोडला.

गारा आमच्याकडे पडल्या आणि पलीकडेही पडल्या. जिथे घंटा वाजली तिथेही द्राक्षे गेली आणि नाही वाजली तिथेही. गोदार खरोखर तोआनेतच्या दारात गेला, पण शिव्या न देताच परतला. ठराव पुढच्या रविवारी झाला, चार मतांच्या फरकाने. चारच. म्हणून आजही ढग आला की माझ्या अंगावर काटा येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, पण आमच्याविषयी सांगितलेले सगळे खरे मानू नका. दोर कुणाच्या हातात देण्याआधी विचारा, याने खरेच काही टळते का, आणि ते तपासले कुणी?

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लख्ख ऊन होते. आन्सेल्मने मला सावकाश वाजवले, पलीकडच्या वाजवणाऱ्याच्या मयतीसाठी. त्या मेलेल्याची बायको काळे कपडे घालून रस्त्याने चालली होती. आता तिला सभेत बोलता येणार होते.