थकवा ओळखणारा कॅमेरा

अपर्णा सोमण सुरतच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायच्या. यंत्राने माणसाला सांभाळून घ्यावं, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. शहरातल्याच उधना भागातल्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यासाठी त्यांनी थकवा ओळखणारा कॅमेरा तयार केला होता. कामगाराचे डोळे जड झाले की त्याला थोडी विश्रांती मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू.

दिवाळीनंतर त्या कारखाना पाहायला गेल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुणीच थकलेलं दिसत नव्हतं. त्या खूश झाल्या आणि चाचण्यांच्या वेळी ओळख झालेल्या सरलाबाईंजवळ गेल्या. सरलाबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांचे डोळे लालभडक झाले होते आणि त्यांनी ते ताणून उघडे ठेवले होते.

"बरं नाही का, सरलाबाई?"

"हळू बोला, ताई. कॅमेऱ्यात डोळे मिटलेले दिसले की शेठ कामावरून काढून घरी बसवतो. किती बाया गेल्या."

अपर्णाबाई तडक शेठकडे गेल्या. "हे बंद करा," त्या म्हणाल्या.

शेठ हसला. "मॅडम, तुमचीच तर कमाल आहे. आता कतारगामच्या कारखान्यातही बसवतोय."

त्यांना राहवलं नाही. परत येऊन त्यांनी कॅमेऱ्याची वायर उपटली. त्यासरशी सगळी मशीनं थांबली. शेठनं ती कॅमेऱ्यालाच जोडून घेतली होती. बाया वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. सुटल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं, सगळ्या घाबरल्या होत्या.

"जोडा, ताई," सरलाबाई कुजबुजल्या. "तो यायच्या आत जोडा."

जिन्यावर पावलं वाजली. अपर्णाबाईंनी वायर पुन्हा खोचली.