टोपलीखालचे पेडवे

पेन्शनीत निघाल्यावर मी किडे पाहू लागलो. एका इंग्रजी पुस्तकात मेलेली पाखरे, उंदीर जमिनीत पुरणाऱ्या भुंगेऱ्यांचे वर्णन होते. नारिंगी पट्ट्यांचे ते भुंगेरे बहुतेक थंड मुलखातले. मग आमच्या रत्नागिरीत हे काम कोण करतो, की कोणीच करत नाही? प्रश्न खुळचट असेलही, म्हणून कोणाला विचारला नाही.

परसात मेलेला उंदीर ठेवावा, तर प्लेगच्या धास्तीने आळी रिकामी व्हायची. म्हणून मी, जन्मात मासळी न शिवलेल्या ब्राह्मणाने, मासळीवाल्या गंगुबाईकडून चार पेडवे, म्हणजे बोटाएवढे मासे, घेतले. आंब्याखाली ठेवले आणि मांजराने नेऊ नयेत म्हणून वर टोपली पालथी घालून तिच्यावर जांभ्याचा चिरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगुबाई परसाच्या दगडी गडग्यापलीकडून ओरडली, "मास्तरानूं, कालचे पेडवे कशे लागले?"

माझी बायको यमुना विहिरीवर पाणी काढत होती. पलीकडे शेजारचे आप्पा दात घासायचे थांबले.

"अहो, काय म्हणते ती?"

"ते... किड्यांसाठी घेतले होते," मी म्हणालो. मलाच ते खरे वाटेना.

"किड्यांसाठी! आधी ते पेडवे दाखवा. तोवर माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि पानही वाढणार नाही."

मी चिरा उतरवला, टोपली उचलली. खाली नुसती भुसभुशीत माती!

"गेले! सगळे गेले!" मी आनंदाने ओरडलो.

"ते दिसतंच आहे," गडगा ओलांडून आलेले आप्पा म्हणाले. "मांजराला चिरा उचलत नाही, मास्तर. तुम्हाला उचलतो."

मी खुरपे आणून उकरू लागलो. वीतभर खाली पेडव्यांचे तुकडे लागले, आणि त्यांना बिलगलेले भुंगेरे. एक थोरला, काळा, डोक्यावर शिंग असलेला, काही तपकिरी, काही तांदळाएवढे, चकचकीत.

यमुना नाकाला पदर लावून वाकली. "इश्श! हे तर शेणातले किडे!"

"त्यांचेच भाऊबंद! पण मासळीही पुरतात! आणि एक नाही, तीन जाती!"

"म्हणजे तुम्ही खाल्ले नाहीत."

"नाही गं."

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "मग वहिनी, आळीत काय सांगू? मास्तर पदरमोड करून शेणकिड्यांना मासळी घालतात, असं?"

यमुनेने पदर खोचला.

"सांगा, डॉक्टरांनी यांना पेडवे खायला सांगितलेत," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही आंघोळ करून या. पान वाढते."