तारखांचा कागद

"ताई, एखादं चांगलं पुस्तक सांगा की," शिंपीकाका काउंटरला टेकून म्हणाले.

हे दर सोमवारचंच. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून काकांना वाचनाचा नाद लागला होता. मी या वाचनालयात सव्वीस वर्षं पुस्तकं देते-घेते. सगळे मला शिक्केताई म्हणतात, आणि शिक्केताईंनी दिलेलं पुस्तक कधी वाईट निघत नाही, असा माझा लौकिक.

आता खरं सांगून टाकते. त्यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. वाचणार कधी? दार उघडलं की रांग. नोंदवही काढा, नंबर शोधा, तारखेचा शिक्का मारा. अंगठा कायम जांभळा. घरी स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. पण प्रत्येक पुस्तकात मागे तारखांचा कागद चिकटवलेला असे. कुणी विचारलं, की मी पुस्तक चाळल्यासारखं करून हळूच तो कागद बघायची. शिक्क्यांची गर्दी असली की पुस्तक चांगलं! लोक म्हणत, "काय वाचन आहे हो बाईंचं!" मीही गालातल्या गालात हसून घ्यायची.

मग संगणक आला. पुस्तकांवर पट्ट्या लागल्या, दाराशी यंत्र बसलं. कार्ड दाखवायचं, पुस्तक त्यावर ठेवायचं, झालं. रांग गेली. कुठलं पुस्तक कोणाकडे आहे, कधी परत येणार, सगळं पडद्यावर. हरवला म्हणून आम्ही ज्याचं नाव टाकलं होतं, तो जाडजूड शब्दकोश बागकामाच्या कपाटात सापडला. सुरुवातीला मीच यंत्राला नावं ठेवत होते, पण खोटं कशाला बोलू, चार दिवसांतच माझी पाठ दुखायची थांबली.

फक्त एक झालं. पट्ट्या लावताना जुने कागद काढून टाकले. काढले कुणी? मीच, ओल्या फडक्याने, अगदी मन लावून! पडद्यावर मोजदाद होती, पण ती नव्याने सुरू झालेली. सगळ्यांपुढे शून्य.

काकांनी दोन पुस्तकं पुढे केली. "यातलं कोणतं? घरी एकटाच असतो हो. पुस्तक वाईट निघालं, की सगळा आठवडा खायला उठतो."

सवयीने मी शेवटचं पान उघडलं. कोरं.

"मागे काय बघताय?"

आता त्या माणसाचा आठवडा मी कुठल्या तोंडाने बिघडवू? सांगितलं सगळं. सांगताना कान तापले. गेली अब्रू, म्हटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतकी वर्षं मी शिक्के वाचत होतो?" आणि असे हसले, की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. "अहो, मीही गिऱ्हाइकाला सांगायचो, हा रंग तुम्हालाच शोभतो म्हणून. बघत असायचो एवढंच, की कुठलं कापड जास्त उरलंय!"

मग एक पुस्तक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "आता ना रांग, ना शिक्का. दुपारी करता काय तुम्ही? हे तुम्ही न्या, दुसरं मी नेतो. सोमवारी सांगा."

मी माझं कार्ड यंत्राला दाखवलं. पडद्यावर आलं, 'आजवर नेलेली पुस्तकं: एक.' वाचून मला लाजही वाटली आणि आनंदही झाला.

त्या आठवड्यात लोक आपापली पुस्तकं घेऊन गेले आणि मी काउंटरमागे वाचत राहिले. घरी भाजी करपली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आज पुस्तकातल्या कुणाच्या घरात शिरली होतीस?"

सोमवारी काकांना सांगितलं, "शेवटी रडले मी. पण मधली पन्नास पानं नुसता पसारा, ती सरळ सोडा."

पुढच्या सोमवारी काका दारातूनच ओरडत आले. "अहो, ती पन्नास पानं म्हणजेच तर पुस्तकाचा जीव! लक्ष कुठे होतं तुमचं?"

"माझं लक्ष? त्या थोरल्या सुनेने घर का सोडलं, ते तुम्हाला कळलं तरी का?"

दोघांचेही आवाज चढले. ग्रंथपाल मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवलं. सव्वीस वर्षं तिकडे बोट दाखवायचं काम माझं होतं.

मी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "काका, बाहेर बाकावर चला. माझं अजून संपलेलं नाही."