रातकिड्यांचा स्वयंपाक

रामचंद्र उम्म अल कुवैनला नेमकं काय काम करतो, हे त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं. ‘बंगल्यावर बागकाम’ एवढंच त्याने कावेरीला सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बंगला होता, बागही होती. पण बागेमागच्या खोलीत आपण रोज सकाळी उठून रातकिड्यांसाठी भाजी चिरतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? लांज्याजवळच्या त्याच्या वाडीत एकदा का हे कळलं असतं, तर पोराटोरांनी जन्मभर त्याला किडेवाला म्हणून हाक मारली असती.

त्याचा मालक, म्हणजे अरबाब, सरड्यांचा शौकीन. कुंपणावरचे साधेसुधे सरडे नव्हेत. यमनकडचे, डोक्यावर तुरा मिरवणारे, रंग बदलणारे आणि दोन डोळ्यांनी दोन दिशांना बघणारे शॅमेलिऑन. या खाशा स्वाऱ्यांना जिवंत रातकिडेच लागत. सुरुवातीला रामचंद्र किड्यांना शिळ्या खुबूसचे तुकडे टाकायचा. खुबूस म्हणजे तिथली रोटी. किडा तो किडा, त्याचे कसले आलेत लाड, असा त्याचा रोखठोक हिशेब. मग सरड्यांच्या पिल्लांचे पाय वाकायला लागले. त्यांना फांदी धरवेना. तेव्हा त्याचा जोडीदार अन्वर, मुलतानचा, सरड्यांच्या डॉक्टरला भेटून आला आणि त्याने रामचंद्रला समोर बसवून फैलावर घेतलं.

“रामभाई, कीड़ा तो डिब्बा है. खाली डिब्बा भेजोगे तो खानेवाला क्या खाएगा?”

हे मात्र त्याला पटलं, आणि एखादी गोष्ट पटली की रामचंद्र तिच्या हात धुऊन मागे लागायचा. गाजर किसून, रताळं किसून, बंगल्याच्या भिंतीलगतच्या शेवग्याचा कोवळा पाला, पाण्याऐवजी संत्र्याच्या फोडी. पालक नको, असं डॉक्टरने बजावलं होतं, तर पालकाची काडीसुद्धा त्या खोलीत शिरत नसे. गावाहून कावेरीने भाकरीसाठी पाठवलेलं नाचणीचं पीठ होतं. लहान बाळाला हाडं धरावीत म्हणून नाचणी देतात, मग सरड्याच्या बाळाला का नको? अन्वरने डॉक्टरला विचारून होकार आणला, आणि ते पीठ चिमूट चिमूट करून किड्यांच्या ताटात पडू लागलं. किडे दिवसभर पोटभर जेवत आणि मग सरड्यांच्या पोटात जात. त्यांच्याकडे बघून रामचंद्र कधी कधी म्हणायचा, “जेवा बाबांनो, तुमचं काय, आमचं काय!” पुढच्या पिल्लांचे पाय सरळ निघाले. अरबाब इतका खूश झाला, की रामचंद्रची सुटीच धोक्यात आली.

आणि यंदाची सुटी साधी नव्हती. भाऊकीचा गणपती पाळीपाळीने एकेका घरात बसायचा, आणि यंदा पाळी रामचंद्रच्या घराची होती. मागची पाळी आली तेव्हा वडील हयात होते. आता मूर्ती डोक्यावरून आणायची तर त्यानेच. घरी जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती. लेक प्रज्ञा फोनवर एकच विचारायची, “बाबा, मखर मी आणि तुम्ही करायचं ना?” त्याला या एका गोष्टीचा ध्यास लागला होता. बाजारात चकचकीत कागद दिसला तरी तो थांबून हात लावून बघायचा.

अन्वर आईच्या आजारपणासाठी मुलतानला गेला होता. तो आला की रामचंद्रने निघायचं, असं ठरलं होतं. अरबाब रोज म्हणायचा, “अन्वर आएगा, तुम जाएगा, इन्शाल्ला.” मग एके दिवशी दुपार कलल्यावर तो स्वतः किड्यांच्या खोलीत आला. चेहरा पडलेला.

“अन्वर माफी,” तो म्हणाला. अन्वर येत नाही. त्याची आई गेली होती, आणि तो इतक्यात परतणार नव्हता.

“अरबाब, ड्रायवर को सब सिखाके जाता हूँ मैं,” रामचंद्र म्हणाला.

अरबाबने काचेच्या पेटीकडे बघितलं. त्यात नुकतीच अंड्यांतून निघालेली पिल्लं नखाएवढ्या फांद्यांना चिकटून बसली होती. त्याने मान हलवली. “ये छोटा है. तुम्हारा हाथ का खाता है. ईद के बाद तुम जाएगा.” माणूस वाईट नव्हता. जाताना स्वतःचा मोबाइल रामचंद्रच्या हातात ठेवून म्हणाला, “घर में बोलो. आराम से बोलो.”

आजवर रामचंद्रने घरी फोन केला तो शुक्रवारी, बाजारातल्या बूथवरून. बाहेर ऑगस्टचं ऊन कातडं सोलत होतं, म्हणून तो त्या थंड, अंधाऱ्या खोलीतच उभा राहिला आणि त्याने नंबर फिरवला. सांगायचं काय, ते त्याने मनात जुळवलं होतं. तिकडे दिवेलागण झाली असणार.

“हॅलो, कावेरी—”

“अहो!” ती एकदम थांबली. “हा आवाज कसला? रातकिडे ओरडतायत?”

रामचंद्रला त्यांचा आवाज ऐकूच येईनासा झाला होता, रोजचाच. आता आला. आजूबाजूच्या सगळ्या पेट्या भरल्या पोटाने किरकिरत होत्या.

“तुम्ही आलात! कुठे आहात, स्टँडवर की खाली पुलापाशी?” कावेरीचा आवाज हसण्याने फुटत होता. “मागच्या वेळी फसले, आता नाही फसायची. तिकडे रात्री कसलाच आवाज नसतो, नुसता एसी घरघरतो, असं तुम्हीच सांगितलंत ना?”

मागच्या खेपेला त्याने हा चावटपणा केला होता खरा. लांज्याच्या स्टँडवरून फोन करून ‘अजून इकडेच आहे’ म्हणाला होता, आणि संध्याकाळी गोठ्याआडून हळूच बाहेर आला होता. प्रज्ञा तेव्हा किंचाळून त्याच्या गळ्यात पडली होती.

“प्रज्ञा! बॅटरी घे! बाबा आले!”

मोबाइलमधून चपलांची फटफट ऐकू आली, खळ्यातून पाखाडीच्या पायऱ्यांवर, मग दूर दूर. बोलायला हवं होतं. रामचंद्र बोलला नाही. तेवढा वेळ तो खरोखर गावी होता. पुलाशी उभा होता, हातात बॅग होती, आणि पोरगी धावत येत होती. एवढं सुख त्याला दोन वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते सोडवत नव्हतं.

“अहो, बोला की.”

“कावेरी, मी इथेच आहे गं.” मग एका दमात त्याने सगळं सांगून टाकलं. किडे, सरडे, अन्वरची आई, ईद. लाज वाटायचीसुद्धा राहून गेली.



“काय घालता त्यांना?” तिने विचारलं.

“गाजर, रताळं, शेवग्याचा पाला. तू पाठवलेली नाचणी.”

“आणि तुम्ही काय जेवता?”

“खुबूस. डाळ असते कधी.”

तिने नाक ओढलं. “मूर्ती आणायला मी तुमच्या चुलतभावाला सांगते,” ती म्हणाली. आणि तेवढ्यात दारातून धापा ऐकू आल्या. “ती आली. तुम्हीच सांगा तिला. माझ्याने नाही व्हायचं.”

रिसीव्हर हातातून हातात गेला.

“बाबा, मी पुलापर्यंत जाऊन आले! गोठ्यामागे पण बघितलं!” प्रज्ञा हसत होती, दम लागला होता. “मला तुमच्याजवळचे रातकिडे ऐकू येतायत. कुठे लपलात, सांगा ना!”

रामचंद्रने समोरच्या पेटीवर हात ठेवला. पेटीतले किडे गप्प झाले, बाकीचे ओरडतच राहिले.

“बाळा, मी लपलो नाहीये,” तो म्हणाला. “मी आलोच नाही.”